वहीत कट्टे लिहिलेले नाहीत

ताई, नमस्कार. मी उदगीर तालुक्यातला, वय २६, वजन ७४ किलो. घरी नऊ एकर शेती आणि दोन म्हशी. चार वर्षांपासून पॉवरलिफ्टिंगचा नाद आहे. पहाटे पाचला उठून दोन्ही म्हशींच्या धारा काढायच्या, मग गाडीवर चौदा किलोमीटर जिमला, नऊला परत शेतात, असा नेम होता. डिसेंबरात स्पर्धा होती म्हणून सप्टेंबरच्या तीन आठवड्यांत डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) १२० किलोवरून १४० वर नेला. जिममध्ये मोठ्या प्लेटा नाहीत, दहा-पाचच्या लोखंडी लावतो. ऑक्टोबरात सोयाबीनची रास चालू होती. गुरुवारी ४० कट्टे ट्रॉलीत टाकले आणि शुक्रवारी सकाळी १३० किलोच्या तिसऱ्या रेपला, म्हणजे तिसऱ्यांदा उचलताना, कंबरेत कट्‌दिशी झालं. दुसऱ्या दिवसापासून डाव्या पायात पार करंगळीपर्यंत कळ आणि मुंग्या. एमआरआयमध्ये एल५-एस१ ची, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालची डिस्क बाहेर आल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे, इथून पुढं पाच किलोच्या वर उचलायचं नाही. आईनं पायाळू माणसाकडून तीन रविवार माझ्या कंबरेत लाथ मारून घेतली. तीन महिने फळीवर झोपलो. जानेवारीपासून पायातली कळ गेली, पण कंबर आधीपेक्षा जास्त दुखायलीय, त्याची लई भीती वाटते. आता हरभरा निघालाय तर वडील म्हणायलेत, जिममध्ये उचलत होतास, घरचा कट्टा उचलायला काय झालं? मी परत १४० उचलू शकेन का? रिपोर्टचा आणि जिमच्या वहीचा फोटो जोडलाय.

वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

उचलू शकशील. लेखी हमी कुणीच देणार नाही, पण तुझ्या पत्रावरून आणि रिपोर्टवरून वाट बंद झाली असं मला काही दिसत नाही. तुझा रिपोर्ट मी एकदा पाहिला आणि वही तीनदा. दुखण्याचं कारण मला वहीत सापडलं. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी एक गोष्ट तपासून घे, आज, हे वाचून झाल्यावर. लघवी अडते का, किंवा कळत नकळत होते का? जांघेत, संडासाच्या जागेभोवती बधिरपणा आहे का? चालताना पाऊल जमिनीवर फटकन आपटतं का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर हे उत्तर बाजूला ठेव आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, तिथं थांबायला वेळ नसतो. दुसरं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे आणि तरण्या पोरांनाही होतो, त्यामुळे हे मी प्रत्येकाला विचारते. तू यातलं काही लिहिलेलं नाहीस, म्हणून पुढं जाते.

आता भिंतीला हात टेकून एका पायावर उभा राहा आणि टाच वर उचल, खाली आण. किती वेळा होतं ते मोज. आधी उजवा पाय, मग डावा. धडधाकट माणसाला वीस-पंचवीस वेळा जमतं. तुझी एल५-एस१ ची नस पोटरीला आणि करंगळीच्या बाजूला जाते, त्यामुळे ती दबलेली असेल तर डावी टाच लवकर दमते. उजवीकडे २२ आणि डावीकडे १८ असेल तर काळजी नाही, व्यायामानं भरून निघेल. डावीकडे पाच-सहालाच थांबत असशील तर रॉडला हात लावायच्या आधी मणक्याच्या डॉक्टरांना दाखव. दर पंधरा दिवसांनी हा आकडा वहीत लिहीत जा.

तू ज्याला भितोयस ती खरं तर चांगली खूण आहे. पायातली कळ वर सरकत सरकत निघून जाते आणि कंबर मात्र ठणकते, हे बरं होण्याच्या वाटेवर नेहमी दिसतं. नस मोकळी होत असताना दुखणं पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात असं वर येत जातं. उलटं झालं, म्हणजे कंबर हलकी आणि पोटरीत पुन्हा कळ, की दचकायचं. कंबर दुखते म्हणून तू फेब्रुवारीभर घाबरून बसलास. पायाची कळ परत आली नाही, याकडे तुझं लक्षच गेलं नाही.

आता तो गॅप. हा शब्द आपल्या भागात इतका बोकाळलाय की पेशंट दारातूनच सांगतात, ताई, मला दोन गॅप आहेत. मणक्यात गॅप पडत नाही. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजेच डिस्क, झिजली की त्यांच्यातलं अंतर कमी होतं, म्हणजे असलेला गॅप जातो! गादी सरकतही नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिची बाहेरची कडी पापुद्र्यापापुद्र्यांची, आत मऊ गर. तुझ्या बाबतीत करंजीची कड उकलावी आणि सारण थोडं बाहेर यावं तसं झालं, आणि ते आलं नेमकं नसेच्या शेजारी. पण तळलेली करंजी परत सांधता येत नाही आणि शरीराला सांधता येतं. बाहेर आलेला गर शरीर परका समजतं आणि आपल्याच पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. बऱ्याच जणांत सहा-आठ महिन्यांनी पुन्हा फोटो काढला तर तो लहान झालेला किंवा गायब झालेला दिसतो. जितका मोठा तुकडा सुटलेला, तितकी तो जिरण्याची शक्यता उलट जास्त.

रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळींनी झोप उडवून घेऊ नकोस. ज्यांची कंबर कधीच दुखत नाही अशा ३,११० माणसांची तपासणी झालेले ३३ अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक निष्कर्ष छापला गेला. विशीतल्या ३० टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या होत्या, चाळिशीतल्या ५० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के. म्हणजे तुझ्या गावातल्या पारावर बसलेल्या दहा पोरांचा एमआरआय काढला तर तिघांना ‘गॅप’ निघेल, आणि ती तिघं संध्याकाळी कबड्डी खेळायला जातील.

पायाळू माणसाच्या लाथेनं डिस्कला काही होत नाही, आईच्या जिवाला बरं वाटतं. साधी उसण तशीही चार दिवसांत जाते, श्रेय लाथेला मिळतं. माझ्या आजीनं मलाही एकदा अशा बाईपुढं पालथं झोपवलं होतं. पाय नुसता टेकवला असेल तर माझी काही तक्रार नाही. पण पाठीवर उभं राहून तुडवणारे, कडाकड मोडणारे, त्यांच्याकडे मात्र जायचं नाही. फळीही काढून टाक. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीवाल्यांना दोन प्रकारच्या गाद्यांवर झोपवून पाहिलं होतं, त्यात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाले जास्त सुधारले. घरातली कापसाची गादी उन्हात टाकून, पिंजून घेतलीस तरी पुष्कळ.

आता वही.

तुझं अक्षर छान आहे. सोमवारी डेडलिफ्ट, ११० किलो, पाच सेट म्हणजे पाच फेऱ्या, दर फेरीत पाच रेप. हिशेब केला तर २,७५० किलो. मंगळवारी विश्रांती. बुधवारी स्क्वॉट, म्हणजे रॉड खांद्यावर घेऊन बैठका. गुरुवारच्या रकान्यात तू लिहिलंयस ‘आराम’. आणि पत्रात म्हणतोस, गुरुवारी ४० कट्टे ट्रॉलीत टाकले. आपल्याकडे सोयाबीनचा कट्टा साठ किलोचा भरतात. चाळीस गुणिले साठ, २,४०० किलो. सोमवारएवढाच आणखी एक डेडलिफ्टचा दिवस झाला तो, फक्त जिमबाहेर. त्यातही रॉडला सरळ दांडी असते, कट्ट्याला धरायला कान नसतात. पोतं खालून उचलायचं, पोटाशी घ्यायचं आणि कंबरेत वळून छातीएवढ्या उंच फळकुटावरून आत ढकलायचं. चाळीस वेळा. वहीत त्याचा एक किलोही नाही. शिवाय तीन आठवड्यांत वीस किलो वाढवलेले, रास चालू म्हणजे झोप पाच तासांची. शुक्रवारी तू १३० ला हात घातलास तेव्हा वही सांगत होती की कंबर कालपासून आरामात आहे.

कंबर जिमचं खातं वेगळं आणि शेताचं वेगळं असं ठेवत नाही रे.

दुसरी गोष्ट पहाटेची. रात्रभर आडवं झोपलं की गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो, तो याचमुळे. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यावरचे पहिले दोन तास खोल वाकायचं टाळलं तर जुनी कंबरदुखीसुद्धा कमी होते, हे तपासून पाहिलेलं आहे. आणि तुझा तो वेळ कसा जातो? उकिडवा बसून, दोन गुडघ्यांत बादली धरून, डोकं म्हशीच्या कुशीला लावून. पाठीची कमान झालेली. एका म्हशीला पंधरा मिनिटं धरली तरी अर्धा तास. इतका वेळ वाकून बसलं की कण्याच्या मागचे बंध सैलावतात आणि उभं राहिल्याबरोबर लगेच आवळले जात नाहीत, अर्धा तास उलटला तरी थोडी ढिलाई राहते. त्यानंतर चौदा किलोमीटर आपल्या रस्त्यावरून गाडी, म्हणजे गचके. आणि उतरल्या उतरल्या रॉड.

तिसरी गोष्ट प्लेटांची, आणि ही जिमवाल्यालाही दाखव. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. डेडलिफ्टचं सगळं शिक्षण त्या उंचीवर बसवलेलं आहे. दहाची लोखंडी प्लेट जेमतेम फूटभर व्यासाची. म्हणजे तुझा रॉड पंधरा सेंटिमीटरवर, सात-आठ सेंटिमीटर खोल. तेवढ्यासाठी कुल्ले पुरत नाहीत, मग माणूस कंबर गोल करून पोचतो. लहान गावातल्या किती जिममध्ये मी हे पाहिलं आहे, आणि सगळीकडे दोष पोराच्या फॉर्मला! दोन्ही बाजूला रबरी मॅटची चळत किंवा जाड फळ्या रचून त्यावर प्लेटा टेकव. खर्च काही नाही. आणि रॉडचं वजनही एकदा धान्याच्या काट्यावर करून घे, वीसचा म्हणून पंधराचा रॉड पुष्कळ ठिकाणी असतो.

यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीनं डिस्क गेली हे मी सांगू शकत नाही. पण या तिन्ही तशाच ठेवून तू १४० वर परत गेलास तर मला पुढच्या ऑक्टोबरात तुझं दुसरं पत्र येईल.

पाच किलोच्या वर उचलू नकोस, या सल्ल्याबद्दल एवढंच म्हणते की पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी तो ठीक होता. ज्या घरात पाण्याची कळशीच पंधरा किलोची आहे तिथं जन्मभरासाठी असा सल्ला पाळणार कोण? तो पाळला जात नाही, फक्त भीती राहते. मग माणूस घाबरत, अंग चोरत उचलतो आणि तसंच लागतं. हाड, स्नायू, डिस्क, सगळ्यांना ताकद वजनानंच येते, बेतानं वाढवलेल्या.

तर सुरुवात रॉडशिवाय. चार आठवडे. रोज अर्धा तास चालणं, बांधावरून नको, सडकेनं. एक सरळ बांबू घे आणि पाठीवर उभा धर, एक हात मानेमागं, एक कंबरेमागं. तो डोक्याला, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागं ढकल, जणू हातात दोन घागरी आहेत आणि ढुंगणानं दार लोटायचंय. बांबू तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला तर तू कुल्ल्यातून वाकतोयस. माकडहाडावरून सुटला तर कंबर गोल झाली. आरशापेक्षा हा बांबू खरं बोलतो. रोज दहा-दहा वेळा, तीनदा.

त्याच्या जोडीला कुशीवरचा प्लँक, म्हणजे कोपरावर टेकून अंग ताठ धरणं, चवड्यांऐवजी गुडघे टेकून सुरू कर, दहा-दहा सेकंदांचे. हाता-गुडघ्यांवर येऊन उलट बाजूचा हात-पाय लांबवणं. पाठीवर झोपून कुल्ले उचलणं. दहा किलोची प्लेट छातीशी धरून बाजेवर बसणं-उठणं, पण बाज सैल नको, कुल्ले खोल जातील अशी नको. जोर-बैठकांमधले जोर आत्ता थांबव, त्यात कंबर दोन्हीकडे खूप वाकते. बैठका चालतील, अर्ध्या.

आणि बादली. एका हातात पाण्यानं भरलेली पंधरा लिटरची बादली, दुसरा हात मोकळा, ताठ चालत वीस पावलं. हात बदल, परत. शरीर बादलीकडे झुकू द्यायचं नाही. झुकू नये म्हणून दुसऱ्या बाजूची कूस जे काम करते तेच हवंय. जिममध्ये याला इंग्रजी नाव आहे, आपल्याकडे याला पाणी भरणं म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हा माझ्याकडे खांदे धरलेल्या बायका खूप यायच्या. दोन-दोन मजले कॅन चढवणाऱ्या त्या बायकांची कूस तपासताना बोटाला दगडासारखी लागायची. त्यांच्या खांद्यांची वाट लागली होती, ती गोष्ट वेगळी.

मार्च संपता संपता, टाचेची मोजणी दोन्हीकडे सारखी येत असेल, अर्धा-पाऊण तास बसून पाय शिवशिवत नसेल, तर रॉड घे. फळ्यांवर, गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका उंच ठेव. चाळीस किलो, तीन सेट, सहा-सहा रेप. आठवड्यातून दोनदाच. हसू येईल तुला, शेजारचा शंभर ओढत असेल. येऊ दे. सेट संपताना अजून तीन-चार रेप सहज झाले असते असं वाटलं पाहिजे. आठवड्याला पाच किलोपेक्षा जास्त वाढवायचं नाही आणि दर चौथ्या आठवड्याला वाढवण्याऐवजी थोडं उतरवायचं. फळ्या एकेक करून काढत मोठ्या प्लेटच्या उंचीपर्यंत यायचं, त्याच्या खाली कधीच नाही. ज्या आठवड्यात फळी काढशील त्या आठवड्यात वजन वाढवू नकोस. या हिशेबानं शंभरला पोचायला श्रावण उजाडेल. मृगात पेरणीचे दिवस मधे येतील, ते आठवडे गेले असं धर.

वाढवायचं की नाही हे जिममध्ये ठरवायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं. उचलताना कंबर थोडी दुखली, दहापैकी तीनपर्यंत, तर चालेल. दुसऱ्या दिवशी उठल्यावर न्हाणीघरापर्यंत जायची पावलं कालच्यासारखीच पडली पाहिजेत. जास्त आखडली असतील तर पुढच्या वेळी दहा किलो कमी. पायात कळ उतरली तर त्या दिवशी रॉड खाली, आठवडाभर बांबू आणि बादली. दुखायचं थांबावं म्हणून गोळी घेऊन जिमला जाणारी पोरं मला माहीत आहेत. गोळीनं सकाळची परीक्षाच खोटी पडते, आणि रिकाम्या पोटी, उन्हात घाम गाळून घेतलेली गोळी किडनीला महागात जाते.

पट्टा. मेडिकलमधून आणलेला तो कंबरपट्टा दिवसभर बांधत असशील तर सोडून दे. उचलायचा चामडी पट्टा वेगळा, पण तोही ऐंशीच्या आत नको. आधी पोटाचा पट्टा शिक. दोन्ही हातांचे अंगठे बरगडीच्या खाली कुशीत रोव, खोकल्यासारखं कर, बोटं बाहेर ढकलली जातात ना, तसा श्वास खाली भरून चहूकडून पोट ताठ कर आणि मग उचल. नुसती छाती फुगवणं म्हणजे भरणं नव्हे. चामडी पट्ट्याचं काम एवढंच की पोटाला दाबायला भिंत मिळते. पोटच ढिलं असेल तर भिंतीचा काय उपयोग?

विडी-सिगारेट ओढत असशील तर बंद. डिस्कला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, आजूबाजूनं जे झिरपेल त्यावर ती जगते, आणि धूर तेही आटवतो. प्रोटीनच्या डब्यावर पैसे घालायच्या आधी घरात बघ. तुझ्या वजनाला दिवसाला साधारण ११०-१२० ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन म्हशींचं दूध, वरण, हरभरा, अंडी खात असशील तर अंडी, शेंगदाण्याची चटणी. डेअरीला घालायच्या आधी एक लिटर काढून ठेवायचं, एवढंच.

आता वडिलांचं. ते चुकीचं बोलत नाहीत. पोरगं जिममध्ये शंभर-सव्वाशे उचलतं आणि ऐन काढणीत कट्ट्याला नाही म्हणतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला झोंबेल. त्यांना सांग, या हरभऱ्याला मी एकट्यानं जमिनीवरून कट्टा उचलणार नाही, दोघांनी मिळून उचलू. उदगीरच्या मोंढ्यात कधी हमालांकडे नीट बघ. जुना हमाल जमिनीवरून एकटा कधीच उचलत नाही. दोघं दोन टोकं धरून वर घेतात, तिसरा पाठ देतो, आणि ताठ चालत जातो. एका माणसानं वाकून उचलायची, वळायची आणि वर टाकायची, ही तिन्ही कामं एका झटक्यात करायची पद्धत आपल्या शेतातली. हमालांच्याही कंबरा जातातच, माझ्याकडे येतात, पण तुझ्यासारख्या सव्विसाव्या वर्षी क्वचित. ट्रॉलीला कंबरेइतक्या उंचीचा एक टप्पा कर, रिकाम्या ड्रमवर फळी टाकली तरी झालं. आणि कट्टे चाळीस किलोचे भरा. वडील म्हणतील पोती वाढतात, बारदाना वाढतो. वाढू दे.

हरभरा उपटायला मात्र या वर्षी जाऊ नकोस. दिवसभर वाकून राहणं कट्ट्यापेक्षा वाईट. मळणीवर उभा राहा.

वेटलिफ्टर मीराबाई चानूचं उदाहरण तुम्ही पोरं फोटो लावण्यापुरतं वापरता, म्हणून तिचे आकडे सांगते. २०१७ मध्ये ती १९४ किलो उचलून जगज्जेती झाली, एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुलात १९६ चं सुवर्ण. त्याच वर्षी कंबरेनं धरलं आणि आशियाई स्पर्धेला तिला जाता आलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये थायलंडमध्ये ती परतली तेव्हा १९२ उचलले. चार किलो कमी, तरी सुवर्ण. टोकियोला २०२ किलोचं रौप्य त्यानंतर, २०२१ मध्ये. तिच्याभोवती प्रशिक्षक, फिजिओ, सगळा लवाजमा होता आणि धारा काढायच्या नव्हत्या, तरीही ती कमी वजनावरच परतली. तुझी या डिसेंबरची स्पर्धा म्हणून मी सोडायला सांगते. बघायला जा, उतरू नकोस. ऑक्टोबरात सोयाबीन पुन्हा येणार आहे, त्या महिन्यात जिमचं वजन आहे तिथंच ठेवायचं, कट्ट्यांच्या दिवशी जिमला सुट्टी. १४० चं नाव पुढच्या वर्षीच्या संक्रांतीनंतर काढू.

जिमची वेळ संध्याकाळची कर. जमत नसेल तर निदान धारा काढण्याचं काम भावाला किंवा आईला दे. तेही जमत नसेल तर धारेला उकिडवं बसायचं नाही, एक वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा घे आणि त्यावर बस, पाठ सरळ राहते. गाडीवर खड्डा दिसला की पायदानावर जरासं उभं राहायचं, सीटवर आदळून घ्यायचं नाही.

वहीचं नवं पान आजच आख. पहिल्या रकान्यात जिमचे किलो. दुसऱ्यात घरचे: कट्टे, कॅन, ढेपेची पोती, काय असेल ते, गुणाकार करून. तिसऱ्यात दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आकडा, शून्य ते दहा. मे महिन्यात त्या पानाचा फोटो पाठव, आणि बांबू पाठीला लावलेला एक बाजूनं काढलेला व्हिडिओ. मधला रकाना रिकामा दिसला तर मी उत्तर देणार नाही.